आधी मला तोला

आधी चपला निघायच्या. मग कमरेची तंबाखूची चंची, मग डोक्याचा रुमाल, मग बंडीच्या खिशातली चुन्याची डबी. एवढा ऐवज शेजारच्या पोत्यावर मांडून झाला की मामा काट्याच्या लोखंडी फळीवर चढायचे, गारुडी दाखवतो तसे दोन्ही तळवे उघडून जमलेल्या लोकांना दाखवायचे आणि म्हणायचे, "आधी मला तोला. मग तुमचं पोतं."

गोरेगावच्या बाजारात ते एका आडतीवर मापाडी होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवायचा, दांडीवरचं वजन सरकवायचं आणि आकडा मोठ्यानं पुकारायचा, हे त्यांचं काम. पण रोज सकाळी पहिला माल म्हणजे ते स्वतः. दांडी सरळ झाली की शेठजी आकडा वाचायचे. खरं तर वाचायची गरज नसायची. गाडीवाले, हमाल आणि समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभा असलेला मी, आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो, "एकाहत्तर."

मग ते खाली उतरायचे आणि दिवस सुरू व्हायचा.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. गाव त्यांना मामा म्हणायचं, आपणही मामाच म्हणू. माझं त्या वेळचं वर्णन मात्र सांगून टाकतो, कारण ते महत्त्वाचं आहे. वय बावीस. काम औषधाच्या दुकानात पुड्या बांधण्याचं. अंगात पांढरा कोट. तो मालकानं दिलेला नव्हता, मी माझ्या हौसेनं हिंगोलीहून शिवून आणला होता. कोटाच्या खिशाला दोन पेनं. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं मला डाक्टर म्हणायची आणि मी कुणाला दुरुस्त करत नसे.

आता तुम्ही विचाराल, माणसाला तोलायची ही रीत पडली कशी? त्याचं असं झालं. मण-शेर जाऊन किलो आले तेव्हा लोकांचा काट्यावरचा विश्वासच उडाला. त्या सुमारास मामा एकदा हिंगोलीच्या स्टेशनवर गेले होते. पार्सलच्या काट्यावर गंमत म्हणून उभे राहिले. बाबू म्हणाला, एकाहत्तर किलो. गावी येऊन आडतीच्या काट्यावर चढले, तर तिथंही एकाहत्तर. झालं. सरकारी काटा आणि आडतीचा काटा यांच्यात मामा पुरावा झाले. दर दिवाळीनंतर ते स्टेशनवर जाऊन पुन्हा वजन करून यायचे. मोटारीचं पासिंग करतात तसं. परत आले की छातीवर थाप मारून सांगायचे, "माझ्या अंगावर सरकारी शिक्का हाय."

शिक्का जपायचा म्हणजे खायची गोष्ट नव्हती, किंबहुना न खायचीच होती. सकाळी अडीच भाकरी, संध्याकाळी दोन. लग्नाच्या पंगतीत दुसरा लाडू वाढायला कुणी आलं की ते पत्रावळीवर आडवा हात धरायचे. "नको बाप्पा, काटा बिघडंल." मामी कपाळाला हात लावायच्या. "लोकांच्या नवऱ्याला पंगतीत लाडू दिसतो, आमच्याला दांडी दिसून राहिली."

बहात्तरच्या दुष्काळात गाव सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन वाळलं. मामा तेव्हाही एकाहत्तर. कसे राहिले देव जाणे. मामी घरात काय खात होत्या हे मात्र आम्ही कुणी विचारलं नाही.

दुष्काळ सरल्यावर दोन-तीन वर्षांनी पावसाळ्यात मामांना हिवताप आला. पंधरा-वीस दिवस ते अंथरुणावर होते. पोळ्याच्या आसपास, मूग-उडीद बाजारात यायच्या वेळी ते परत कामावर आले. चपला काढल्या, चंची ठेवली, तळवे दाखवले. दांडी सहासष्टला सरळ झाली.

मग कनेरगावकडचा एक म्हातारा शेतकरी गाडीवरूनच म्हणाला, "मामा, काटा पाच किलो खाऊन राहिला."

"काटा न्हाई बा. मी घटलो. तापानं खाल्लं मला."

"तुमी कसे घटताल? दुष्काळात घटले न्हाईत."

"माझ्या गालाकडं तर बघा."

"गालाला काय बघायचं? आकडा बघा की."

तुम्ही हसाल, मीही तेव्हा पोट धरून हसलो होतो. समोर माणूस वाळलेला दिसतो आहे, पण लोकांचा विश्वास असा की माणूस बदलणार नाही, बदलला तर काटाच. म्हाताऱ्यानं गाडी वळवली. त्याच्यामागं आणखी तीन वळल्या. दुपारी शेठजींनी मामांना बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण धंदा होता. "मामा, दसऱ्यापर्यंत बघतो. न्हाई तर दुसरा मापाडी बघावा लागंल."

नोकरीचं मामांना फारसं वाटलं नसावं. पण इतकी वर्षं खरा असलेला काटा आपल्यामुळं खोटा ठरला, हे त्यांच्या जिवाला लागलं. त्याच संध्याकाळी ते दुकानात आले, साखर मागावी तसे म्हणाले, "डाक्टर, पाच किलो द्या."

आणि मी दिले.

कसे दिले तेही ऐका. आधी त्यांना स्टुलावर बसवलं. जीभ बघितली. नाडी धरून छताकडं पाहत राहिलो, ओठ हलवत, जणू मोजतोय. मग कपाटातून गुलाबी गोळ्यांचा डबा काढून दिव्यापुढं धरला. गेल्या काही वर्षांत व्यायामशाळेतल्या पोरांनी ज्यांचं नाव बदनाम केलं, त्याच या स्टेरॉइडच्या गोळ्या. तेव्हा त्यांना आमच्याकडं कुणी स्टेरॉइड म्हणत नसे, ताकदीच्या गोळ्या म्हणत. हिंगोलीचे एक डॉक्टर दुखण्यातून उठलेल्या माणसाला त्या लिहून द्यायचे, पण दिवसाला एक, तीन आठवडे, आणि मधूनमधून डोळे बघायला बोलवायचे. मामांकडं कुणाचीच चिठ्ठी नव्हती. मी म्हणालो, "दिवसाला तीन घ्या मामा. पाच किलोचं काम आहे."

डब्यात एक पातळ इंग्रजी कागद असायचा. तो मी वाचला होता. कळला नाही असं म्हणायची सोय मला नाही, कारण मॅट्रिकला माझं इंग्रजी वर्गात पहिलं होतं. काळजाखाली उजवीकडं जे यकृत असतं, त्याला या गोळ्यांनी इजा होऊ शकते. डोळे पिवळे दिसले तर गोळ्या ताबडतोब बंद करा. असा मजकूर. आमच्या दुकानातल्या टेबलाचा एक पाय आखूड होता. मी त्या कागदाच्या चार घड्या केल्या आणि पायाखाली सारल्या. टेबल डुगडुगायचं थांबलं.

मामांना भूक लागू लागली. मामी सांगायच्या, "भाऊ, काय दिलं हो? आता भाकरीचं टोपलंच पुढं ओढतात." सदुसष्ट झाले. अडुसष्ट झाले. मी रोज सकाळी पायरीवर उभा राहून नाटकाच्या दिग्दर्शकासारखा तो प्रवेश बघायचो. सत्तरला शेठजींनी माझ्याकडं बघून मान हलवली. आणि दसऱ्याच्या चार दिवस आधी दांडी सरळ झाली, सगळा बाजार ओरडला, "एकाहत्तर." कनेरगावचा म्हातारा गाडी घेऊन परत आला होता, त्यानं मामांच्या पाठीत धपका घातला. शेठजींनी पेढे वाटले. मामा रस्ता ओलांडून माझ्याकडं आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "डाक्टर, काटा खरा केला तुमी."

मी ही गोष्ट लग्नात, बारशात, कचेरीत, एस.टी.च्या थांब्यावर असंख्य वेळा सांगितली आहे. मामांचे तळवे, म्हाताऱ्याची गाडी, शेठजींचं तोंड, सगळ्या नकला मला येतात. लोक हसून बेजार होतात. पण मी नेहमी इथं, पेढ्यांपाशी थांबतो. आज थांबत नाही.

पेढा तोंडात असतानाच मामांनी विचारलं होतं, "आता बास ना गोळ्या?"

बास म्हणायला किती वेळ लागतो? पण समोरून हमाल मला डाक्टर म्हणून हाका मारत होते. मी म्हणालो, "सोडल्या तर पुन्हा सहासष्ट व्हाल."

दिवाळीपर्यंत ते चौऱ्याहत्तर झाले. आता वेगळीच गंमत. शेतकऱ्यांचा काट्यावर एवढा विश्वास बसला की सेनगावकडच्या गाड्यासुद्धा येऊ लागल्या. तीन किलो जास्त दाखवणारा काटा कुणाला नको असतो? आता शेठजींना संशय. मामा बिचारे दोन्हीकडं तेच सांगायचे, "मी वाढलो, काटा न्हाई." मग त्यांनी भाकरी कमी केल्या. सकाळची एक, संध्याकाळची एक. रिकाम्या पोटी तीन गोळ्या. आकडा पुन्हा एकाहत्तरवर आणून ठेवला. स्टेशनवर जाऊन पासिंगही करून आले.

संक्रांतीच्या सुमारास दांडी हलू लागली. मामांची ख्याती अशी की ते फळीवर चढले की खांबासारखे. आता मात्र दांडी थरथरायची, कारण त्यांना सारखी खाज सुटायची. एकदा हात दंडाकडं जायचा, एकदा पोटाकडं. शेठजी वैतागायचे, "मामा, जरा निवांत उभे राहा की." मामा ओठ दाबून हात खाली धरायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं. मी पायरीवरून बघत होतो. त्या डोळ्यांचा रंगही मला पायरीवरून दिसत होता.

मामी दुकानात आल्या. "भाऊ, यांचे डोळे हळदीवाणी झाले. लघवी तर चहावाणी."

"कावीळ आहे मामी," मी म्हणालो. "गावात साथ आहे."

गावात साथ नव्हती.

जवळच्या तांड्यावर एक म्हातारी काविळीची माळ बांधून द्यायची. मुळीचे बारके तुकडे दोऱ्यात गुंफलेली लहानशी माळ डोक्यावर ठेवायची; ती आपोआप सैल होत कपाळावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर उतरते आणि तिच्याबरोबर कावीळ उतरते, असा लोकांचा विश्वास. मामा ती माळ डोक्यावर घेऊन माझ्यापुढं उभे राहिले. एरवी मी त्या मुकुटावर चार विनोद केले असते.

"डाक्टर, म्हातारी म्हणती, पोटात जाणारं समदं बंद. तेल बंद, तंबाखू बंद, काय गोळ्या-बिळ्या असतील त्या बंद. मंग ह्या बी बंद करू का?"

म्हातारीला इंग्रजी येत नव्हतं. टेबलाच्या पायाखालचा कागद तिनं वाचला नव्हता. तरी तिनं तेच सांगितलं होतं.

मला फक्त हो म्हणायचं होतं. पण हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, काहून? मग मालक, मग गाव, मग माझा पांढरा कोट. मी मान वर न करता म्हणालो, "ह्या काय औषध आहेत का मामा? हा खुराक आहे. काविळीत माणूस गळतो, तेव्हा खुराक पाहिजेच."

"ह्या गोळ्यानं तर तकलीफ न्हाई ना होऊन राहिली?"

"न्हाई."

"मंग बराबर." ते गेले. त्यांनी म्हातारीचं तेल ऐकलं, तंबाखू ऐकली, वीस वर्षांची चंची सोडून दिली. गोळ्या मात्र माझ्या शब्दावर चालू ठेवल्या.

त्यानंतरचे दीड महिने मी सगळ्यांत जास्त विसरू बघतो. मामांचे दंड वाळले, मांड्या वाळल्या, मान कोंबडीसारखी झाली. आणि पोट फुगत गेलं. तरीही काटा म्हणायचा, एकाहत्तर. पोटात साचलेलं पाणी आणि झिजलेलं मांस यांचा हिशेब जमत होता. गाव खूश होतं. "बघा, काविळीत बी मामा हलले न्हाईत." मामा तळवे दाखवायचे. तळवेसुद्धा पिवळे.

होळीच्या आधी ते फळीवरच कोसळले. आधी हिंगोली, तेव्हा ते तालुक्याचंच गाव, तिथून जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात. सोबत मामी आणि मी. डाक्टर म्हणून गावानं मलाच पाठवलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पोटावर बोटं ठोकून बघितली आणि विचारलं, "दारू? कुठल्या गोळ्या? जडीबुटी? आठवून सांगा, त्यावर पुढचं सगळं आहे."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं.

"न्हाई सायब," मामा म्हणाले. "भाकरी, आन् ही माळ. दुसरं काईच न्हाई."

जन्मभर दोन्ही तळवे उघडे दाखवून उभा राहिलेला तो माणूस. माझ्या माहितीत तो एकदाच खोटं बोलला, आणि ते माझ्यासाठी.

मामी पाणी आणायला गेल्या तेव्हा मी खाटेजवळ बसलो. "काहून मामा? काहून सांगितलं न्हाई?"

त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. "म्या पाच किलो मागितलं, तुमी पाच किलो दिलं. माप बराबर व्हतं."

तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना व्हरांड्यात गाठून सांगितलं. तिसऱ्या. ते एवढंच विचारत गेले. किती? तीन. दिवसाला? हो. किती महिने? मी पोळ्यापासून होळीपर्यंत बोटांवर मोजले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "डोळे पिवळे झाले त्याच दिवशी बंद केल्या असत्या, तर असा माणूस बहुतेक वेळा उठून कामाला लागतो. आता यकृतात किती जीव उरलाय ते बघायचं." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काही आठवड्यांनी मामांना हिंगोलीपासून बैलगाडीत घालून घरी आणलं. पोटातलं पाणी दोनदा काढलं होतं. बाजाराच्या चौकात त्यांनी गाडी थांबवायला लावली. शेठजी धावत आले, "मामा, कशाला? घरी चला." मामा ऐकेनात. दोन हमालांनी धरून फळीपर्यंत नेलं. त्यांनी चपला काढल्या. रुमाल काढला. चंची नव्हतीच. माळ आता बेंबीपर्यंत उतरली होती, तीही काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "तिचं वजन नको." मग हमालांना हात सोडायला सांगितलं आणि तळवे दाखवले.

दांडी एकदम स्थिर राहिली. शेठजींना वाचवेना. मामांनीच मान वळवून वाचलं.

"त्रेपन्न."

मामा कनेरगावच्या म्हाताऱ्याकडं बघत होते. "बापू, घटलो तर मी. काटा न्हाई."

म्हाताऱ्यानं पागोटं काढून हातात घेतलं. "व्हय मामा. काटा खरा हाय." मग तो वळला, गाडीतलं पहिलं पोतं स्वतःच्या पाठीवर घेऊन आला आणि मामा उतरल्यावर त्याच फळीवर ठेवलं.

आठ दिवसांनी मामा गेले.

तेरावं झाल्यावर मामी दुकानात आल्या. पदराच्या गाठीतून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. गुलाबी गोळ्या होत्या. "भाऊ, ह्या उरल्या. दुसऱ्या कुण्या गरिबाच्या कामी येतील. तुमी लई केलं आमच्यासाठी." मी त्यांना खरं सांगितलं नाही. मामीही आता नाहीत. त्या दिवशी मी पुडी ओढ्यात टाकली, टेबलाखालचा कागद काढला आणि कोट खुंटीवर ठेवून आलो. टेबल पुन्हा डुगडुगू लागलं असेल. मी परत बघायला गेलो नाही. पुढं शाळेत कारकून झालो.

गेल्या महिन्यात रक्तदाब दाखवायला दवाखान्यात गेलो होतो. नर्सबाईंनी काट्यावर उभं केलं आणि आकडा लिहून घेतला. "एकाहत्तर."

"बाई, काटा तपासून घ्या," मी म्हणालो.

त्या हसल्या. "काटा बरोबर आहे काका. रोज सकाळी आधी मी स्वतःला तोलून बघते, मग पेशंटला."

माझे हात आपोआप पुढं झाले होते, तळवे उघडायला. मी मुठी मिटल्या आणि खाली उतरलो.